दाव्याचा खर्च कोणाच्या अंगावर?

आमच्या कोल्हारकडे जुन्या घरातलं कागदांचं गाठोडं सोडलं की त्यात एखादा तरी हुकूमनामा निघतो. लोक निकाल वाचतात आणि कागद मिटतात. मला शेवटचा तक्ता वाचायची खोड लागली आहे. दाव्याचा स्टँप, वकीलपत्राचा स्टँप, समन्सचा भत्ता, साक्षीदारांचा भत्ता, वकिलाची फी. वादीचे आकडे एका बाजूला, प्रतिवादीचे दुसऱ्या. वर आदेशात एकच शब्द : ‘खर्चासह’. म्हणजे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च भरून द्यायचा.

आपल्याकडे हे पूर्वापार असं नव्हतं. मराठेशाहीत निवाडा झाला की जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरी आणि हरणारा ‘गुन्हेगारी’. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या १९५३च्या ग्रंथात ही पद्धत कागदपत्रांवरून मांडली आहे. पैसा दोघांकडून निघे आणि सरकारात जाई. एका पक्षाने दुसऱ्याची भरपाई करावी हा विचार त्यात नाही. ती व्यवस्था फार न्यायाची होती असं मी म्हणणार नाही. जिंकूनही पैसे मोजायचे, यात कसला आनंद?

इंग्रजी अमलात खर्च निकालामागे जाऊ लागला. वरवर पाहता हे रास्तच आहे : ज्याने देणं अडवलं त्याच्यामुळे दावा करावा लागला, तर भुर्दंड त्याला. पण दोन्ही पक्ष कोर्टाची पायरी चढू शकतात, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. नगर-पुण्याच्या कुणब्याबाबत ते खरं नव्हतं. १८७०च्या कोर्ट फी कायद्याने शंभर रुपयांच्या दाव्याला साडेसात रुपये स्टँप लागे. सावकार तो आधी भरी. कुळ तारखेला पोचलं नाही की एकतर्फी हुकूमनामा, आणि स्टँप, भत्ता, वकिलाची फी सगळं कर्जावर चढे. व्याजाबद्दल आपण पुष्कळ वाचतो; कर्जाच्या या दुसऱ्या वाढीबद्दल फार थोडं.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा पेटला आणि पुढे आपल्या जिल्ह्यात श्रीगोंदे, पारनेरकडे पसरला. लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. खतं जळाली, त्यांबरोबर हुकूमनामेही. चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा आला. व्याजाच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला, हे सर्वश्रुत आहे. मला त्याची दुसरी बाजू मोलाची वाटते. दाव्याआधी तडजोड करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे जाणं, लहान दाव्यांसाठी गावचा मुन्सफ, शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात सामान्यतः वकिलाला मज्जाव. खर्च कोणी द्यायचा या भांडणात न पडता खर्चच होऊ नये, असा तो प्रयत्न होता.

१९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ आजही सांगतं की खर्च निकालामागे जाईल. तसं करायचं नसेल तर न्यायाधीशाने कारण लिहावं. पण ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ हे वाक्य निकालांत सर्रास दिसतं. २००५ साली सेलम वकील संघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल नाराजी नोंदवली आणि खर्च प्रत्यक्ष व वाजवी असावा असं सांगितलं. खर्च मिळाला तरी वकिलाची फी नियमाच्या दराने मांडतात. खरी दिलेली फी तक्त्यात येतच नाही. जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्यासाठी कलम ३५-अ आहे. त्याची कमाल मर्यादा १९२२ साली १,००० रुपये होती, १९७६च्या दुरुस्तीने ३,००० झाली.

२०१२ साली विधी आयोगाने २४०वा अहवाल खास याच विषयावर दिला. २०१५च्या कायद्याने व्यापारी दाव्यांसाठी कलम ३५ नव्याने लिहिलं गेलं आणि त्यांच्यापुरती ३५-अची मर्यादाही उठली. कंपन्यांच्या भांडणात खोटेपणा महाग झाला. बांधाच्या आणि वाटपाच्या दाव्यात तो तीन हजारांतच राहिला. १८७५ साली खर्चाने हरणाऱ्याला बुडवलं, आज तो जिंकणाऱ्याला बुडवतो, कारण पंधरा-वीस वर्षं दावा लांबवणाऱ्याला त्याची झळच लागत नाही. कोल्हारहून राहात्याच्या कोर्टात तारखेला जाणारा माणूस एक दिवस शेत सोडतो, गाडीभाडं देतो आणि पुढची तारीख घेऊन परततो. या दिवसासाठी तक्त्यात रकाना नाही.