विदागार जोडणीतील वाक्यरचना त्रुटी

'''विदागार जोडणीतील वाक्यरचना त्रुटी''' म्हणजे विदागाराशी, अर्थात डेटाबेसशी, संपर्क साधणाऱ्या संकेतनात आज्ञावली भाषेचे नियम मोडल्यामुळे निर्माण होणारा दोष होय. पीएचपी व मायएसक्यूएल एकत्र वापरताना हा दोष नवशिक्यांना वारंवार आढळतो.

== स्वरूप ==
पीएचपी प्रथम संपूर्ण फाइलचे व्याकरण तपासते. त्यात दोष आढळल्यास फाइलमधील एकही विधान अमलात येत नाही. त्यामुळे सर्व्हरशी संपर्काचा प्रयत्नच होत नाही आणि त्याच फाइलमधील ट्राय-कॅच रचनाही निरुपयोगी ठरते. पीएचपी ७ पासून मात्र समाविष्ट केलेल्या दुसऱ्या फाइलमधील असा दोष मूळ फाइलमध्ये पकडता येतो.

== उदाहरण ==
परभणी जिल्ह्यातील ९ तालुक्यांची माहिती साठवलेल्या विदागाराशी मायएसक्यूएलआयद्वारे जोडणी करताना सर्व्हर, वापरकर्ता, परवलीचा शब्द आणि विदागाराचे नाव या क्रमाने माहिती दिली जाते. हे विधान चौथ्या ओळीवर अर्धविरामाविना संपले आणि पाचव्या ओळीवर नवा चल आला, तर संदेशात पाचवी ओळ दाखवली जाते. म्हणून दर्शवलेल्या ओळीच्या आधीची ओळही तपासावी लागते.

== कारणे ==
* अर्धविराम, स्वल्पविराम किंवा कंस सुटणे.
* अवतरणचिन्ह बंद न करणे.
* एकेरी अवतरणात लिहिलेल्या परवलीच्या शब्दातच एकेरी अवतरणचिन्ह असणे. त्याआधी उलटी तिरकी रेघ दिल्यास हा दोष टळतो.
* शब्दसंस्कारकातून नकलवलेली वळणदार अवतरणचिन्हे.

== इतर त्रुटींहून भेद ==
मायएसक्यूएलची १०६४ क्रमांकाची त्रुटीही वाक्यरचनेचीच असते. परंतु ती जोडणी झाल्यानंतर पाठवलेल्या एसक्यूएल पृच्छेतील असते. १०४५ ही त्रुटी वापरकर्त्याला प्रवेश नाकारल्याचे दर्शवते. दुहेरी अवतरणातील परवलीच्या शब्दात डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे अक्षर असल्यास पीएचपी त्याला चल समजते. संकेतन व्याकरणदृष्ट्या बरोबर असूनही चुकीचा शब्द पाठवला जातो आणि १०४५ त्रुटी येते. जुनी मायएसक्यूएल फलने २०१५ मध्ये पीएचपी ७.० मधून वगळण्यात आली. ती वापरल्यास येणारी त्रुटी फलन अस्तित्वात नसल्याची असते, व्याकरणाची नव्हे.

== दुरुस्ती व सुरक्षितता ==
आज्ञा ओळीवरील पीएचपीच्या 'एल' पर्यायाने फाइल न चालवता व्याकरण तपासता येते. अनेक दोष असल्यास पहिला दुरुस्त करून पुन्हा तपासणी करतात, कारण पीएचपी सामान्यतः पहिल्याच दोषापाशी थांबते. सार्वजनिक संकेतस्थळावर त्रुटीसंदेश पडद्यावर न दाखवता नोंदवहीत साठवणे आवश्यक असते. पीडीओ जोडणीतील न पकडलेल्या अपवादाच्या तपशिलातून परवलीचा शब्दही उघड होऊ शकतो.

== हे सुद्धा पहा ==
* पीएचपी
* मायएसक्यूएल
* एसक्यूएल