हाली, कलदार आणि पेवातली ज्वारी

सुखाने राहावयास मनुष्याला किती द्रव्य लागते, या प्रश्नाचे उत्तर परभणी जिल्ह्यात पुष्कळ काळ रुपयांत देता येत नसे. कारण कुणब्याची ऐपत त्याच्या पेवात ज्वारी किती, यावरून ठरे. काळ्या जमिनीत खणलेले व आतून कडब्याने मढविलेले हे पेव एकदा भरून बुजविले, की पाऊस हुकलेले सालही घर निभावून नेई. मात्र ते उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतणारे असल्याने कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावे लागे. सुतार, लोहार, न्हावी यांचे बलुते खळ्यावरच मिळे, आणि गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरताना रोख रकमेबरोबर धान्याचीही बोली होई. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. ज्याचे स्वतःचे पेव नव्हते, त्याचे सुख दुसऱ्याच्या खळ्यावर आणि पुष्कळदा त्याच्या जातीवर अवलंबून असे.

हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पहिले सालारजंग १८५३ मध्ये निजामाचे दिवाण झाले, त्यांनी साऱ्याचा मक्ता घेणाऱ्या इजारदारांचा अंमल मोडून १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, पगारी तालुकदार नेमले, आणि पिकातला वाटा घेणाऱ्या बटाईच्या जागी रोख साऱ्याची वहिवाट बसविली. कारभार सुधारला हे निर्विवाद. पण किस्त भरण्यासाठी सुगीतच, म्हणजे भाव पडलेले असतानाच, माल विकणे रयतेच्या नशिबी आले, आणि पेव व कचेरी यांच्यामध्ये सावकार येऊन बसला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज गाडी गोदावरीच्या खोऱ्यातून धावू लागली आणि सेलू, परभणी या बाजारांतून कापूस बाहेर पडू लागला, तेव्हा रोकड ही चैनीची नव्हे, गरजेची वस्तू झाली.

ही रोकडही एकाच जातीची नव्हती. संस्थानाचा हाली सिक्का निराळा आणि इंग्रजी कलदार निराळा. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा स्थूल हिशेब. शंभर हाली पगाराचा, फसली सनाच्या आजूर, दय, बहमन या महिन्यांनी वेतन मोजणारा कचेरीतला अहलकार परभणीत भरल्या घरचा गृहस्थ गणला जाई. तोच मुलाच्या शिक्षणासाठी पुण्याला पैसे धाडू लागला, की त्याच शंभराचे पंचाऐंशी रुपये अकरा आणे होत, आणि आपण किती श्रीमंत आहोत हे सरहद्दीवर नव्याने मोजावे लागे. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण कोणी उपहासाने उच्चारो. मला तिच्यात थोड्या पैशात निभाव लागणाऱ्या गावाचा हिशेबी स्वीकार दिसतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५१ मध्ये हाली नाणी व नोटा काढणे थांबले, तरी हाली कायद्याने बाद व्हायला १९५९ उजाडले. मधल्या काळात, १ एप्रिल १९५७ पासून, दशमान पद्धतीचे नवे पैसेही आले; त्यामुळे बाजारातल्या दुकानदाराला सुमारे दोन वर्षे हाली, आणे आणि नवे पैसे अशा तिन्ही हिशेबांची आठवण ठेवावी लागे, आणि हाली रुपया कोणी पुढे केलाच, तर त्याची किंमत साधारण शहाऐंशी नवे पैसे धरावी लागे.