घरातला हिशेबनीस: वारंवार पडणाऱ्या स्विचची गोष्ट

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की सरांनी तत्त्वज्ञान सोडून वायरमनचं काम कधीपासून धरलं? तसं काही नाही. पण परभणीच्या आमच्या घरात गेल्या वर्षी जे घडलं, त्यात इतिहास इतका भरलेला निघाला, की या मालेत एक तास त्याला द्यावा असं वाटलं.

झालं असं की, मुलाच्या आग्रहावरून आम्ही मेन स्विचजवळ तो नवा संरक्षक स्विच बसवून घेतला. बॉक्सवर आरसीसीबी लिहिलेलं असतं, आपल्याकडे सगळे त्याला ईएलसीबी म्हणतात. पहिल्याच दिवशी दिवेलागणीला तो पडला. वर केला, पुन्हा पडला. सकाळी मात्र बारा-बारा तास गुमान उभा. आठ दिवस हे चाललं. कुणी म्हणालं कूलर बघा, कुणी म्हणालं गीझर. एक वायरमन आले, दोन मिनिटं पाहून म्हणाले, "सर, हा खराब पीस आहे. काढतो आणि डायरेक्ट जोडून देतो, कटकटच नको."

आता हा "डायरेक्ट" शब्द आमच्या भागात फार जुना आहे, म्हणून थोडं मागे जाऊ.

1948 च्या सप्टेंबरपर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचं धरण झालं, त्याला जोडून जलविद्युत केंद्र आलं. 1971 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचं औष्णिक केंद्र सुरू झालं. घरोघर वीज आली ती साधारण याच काळात. आमच्या वडिलांच्या माळवदाच्या घरात सागवानी पट्टीवर दोन तारा ठोकल्या गेल्या. दोनच. एक नेणारी, एक आणणारी. तिसरी, जमिनीत जाणारी अर्थिंगची तार घ्यावी, असं कुणाच्या मनातही आलं नाही. चाळीसचा बल्ब लागला, गल्ली बघायला आली. एवढंच.

संरक्षण म्हणून चिनीमातीचा किटकॅट फ्यूज होता. तो उडाला की आत जाड तार घालायची, म्हणजे पुन्हा उडत नाही! मोटारीच्या स्टार्टरलाही शेतकरी हाच उपचार करीत. यात अडाणीपणा होता असं आम्ही म्हणणार नाही. वीज रात्री दोनला यायची, पाणी तेव्हाच द्यायचं, आणि त्याच वेळी फ्यूज उडाला तर माणूस काय करील? पण त्यातून एक समजूत पक्की झाली: जो स्विच वारंवार पडतो तो शत्रू.

शिवाय फ्यूज आणि एमसीबी वाचवतात कुणाला? तारेला. तार तापून पेट घेऊ नये म्हणून ते असतात. माणसाशी त्यांचा संबंध नाही. साठ वॅटचा साधा बल्ब साधारण 260 मिलीअॅम्पिअर घेतो. तेवढाच प्रवाह छातीतून गेला तर माणूस मरू शकतो, आणि सहा किंवा सोळा अॅम्पिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग माणसाला वाचवायचं कसं? याचं बीज 1845 सालचं. गुस्ताव किर्खहोफ नावाचा एकविशीचा विद्यार्थी क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात होता. हो, तेच कांटचं गाव! (आम्हाला हे वाचून उगीचच आनंद झाला होता.) त्यानं मांडलं की परिपथातल्या कोणत्याही सांध्यावर जेवढा प्रवाह आत येतो तेवढाच बाहेर जातो. हा सरळ हिशेब आहे. फेजमधून तीन अॅम्पिअर गेले तर न्यूट्रलमधून तीनच परत यायला हवेत. कमी आले, तर उरलेले कुठे तरी वेगळ्या वाटेनं गेले: ओल्या भिंतीतून, कूलरच्या पत्र्यातून, किंवा कुणाच्या तरी हातापायांतून.

या हिशेबाचा स्विच व्हायला मात्र शंभरावर वर्षं लागली. 1950 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींसाठी काम करणाऱ्या हेन्री रुबिन यांनी असा संवेदनशील स्विच केला. अमेरिकेत बर्कले विद्यापीठातल्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी शंभराहून जास्त स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिलं की किती प्रवाहानंतर हातातली तार सोडता येत नाही. पुरुषांत सरासरी सोळा, स्त्रियांत साडेदहा मिलीअॅम्पिअर. त्यांनी 1961 मध्ये आपला स्विच तयार केला. आपल्या घरात बसतो तो 30 मिलीअॅम्पिअरचा. आत एक लोखंडी कडं असतं, फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. जाणं-येणं समान असेल तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. फरक पडला की स्विच पडतो. त्याला बाकी काही कळत नाही. चूक कुठे आहे, ते तो सांगत नाही. हिशेब जुळत नाही, एवढंच सांगतो.

म्हणून आम्ही त्या वायरमनना चहा पाजला आणि डायरेक्ट जोडू दिलं नाही.

शोध कसा घ्यायचा? चाळीस वर्षांपूर्वी वर्गात मिल शिकवत होतो. किर्खहोफच्या दोनच वर्षं आधी, 1843 साली त्याचा तर्कशास्त्रावरचा ग्रंथ आला. अन्वय पद्धती, व्यतिरेक पद्धती, अवशेष पद्धती. विद्यार्थी जांभया द्यायचे. आता गुरुजींवरच प्रयोगाची वेळ आली. घरातल्या सगळ्या पिना काढल्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग सगळे एमसीबी खाली केले, मोठा स्विच वर केला. टिकला. एकेक एमसीबी वर करत गेलो. फ्रिज, टिकला. कूलर, टिकला. गीझरवर आमचा फार संशय होता, कारण बोअरच्या जड पाण्यानं त्याच्या कॉइलवर खडूसारखा थर चढतो. तोही निर्दोष!

संध्याकाळी सौभाग्यवतींनी माजघरातला पंखा लावला आणि खटकन पडला. आता गंमत पाहा. तो पंखा इन्व्हर्टरवर होता, या स्विचच्या कक्षेतच नव्हता. तरी स्विच पडला. आणि स्विच पडताच पंखाही थांबला, इन्व्हर्टरवरचे बाकीचे दिवे मात्र चालू! या दुसऱ्या गोष्टीनं आमची झोप उडवली. जो स्विचच्या कक्षेत नाही, तो स्विच पडल्यावर थांबतो कसा?

उत्तर 2005 नंतरच्या लोडशेडिंगमध्ये होतं. आठवतंय ना, किती तास वीज नसायची? तेव्हा आमच्याकडे इन्व्हर्टर आला. जोडणाऱ्यानं माजघराच्या पंख्यापर्यंत फक्त फेजची नवी तार ओढली, परतीची न्यूट्रल जुन्या सॉकेटच्या बोर्डातलीच ठेवली. तार वाचली, भिंत फोडावी लागली नाही, पंखा छान फिरला. पंधरा-सोळा वर्षं फिरला. नवा हिशेबनीस आल्यावर मात्र उघड झालं की पंख्याचे तीनशेवर मिलीअॅम्पिअर जातात एका वाटेनं आणि परत येतात दुसऱ्याच वाटेनं. जी रक्कम कधी बाहेर गेलीच नाही, ती जमेला दिसत होती.

आणि खरी भीती पुढे आहे. हा स्विच पडला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. म्हणजे आम्ही समजणार सॉकेट मेले. पण पंख्याचं बटण चालूच असेल, तर इन्व्हर्टरचा फेज पंख्याच्या कॉइलमधून फिरून त्या सॉकेटच्या न्यूट्रलमध्ये येऊन उभा! मेन बंद करून बोर्ड उघडणाऱ्या माणसाला तो झटका बसला असता. त्या वायरमननाच, कदाचित. आठ दिवस आम्ही स्वतः टेस्टर घेऊन त्या बोर्डाशी खेळत होतो, आणि टेस्टर तपासत होतो फक्त फेजचं भोक.

काम वीस मिनिटांचं निघालं. इन्व्हर्टरही बंद करून, पंख्यासाठी इन्व्हर्टरच्या बाजूची न्यूट्रल स्वतंत्र ओढली. ते वायरमनच आले होते. तार जोडून झाल्यावर ते थोडा वेळ त्या बोर्डाकडे बघत बसले, मग म्हणाले, "सर, गावात अशी शंभर घरं मीच जोडलीत."

आता स्विच टिकतो. त्यावरचं टेस्ट लिहिलेलं बटण आम्ही महिन्यातून एकदा दाबतो, पडला की बरं वाटतं. देवघरात मात्र अजून वडिलांच्या वेळच्या दोनच तारा आहेत. तिथं अर्थिंग नसली तरी हा स्विच काम करतो, कारण तो जमिनीकडे बघत नाही, हिशेबाकडे बघतो. पण तिथं गळती कळेल ती कुणाचा तरी हात लागल्यावरच. तिसरी तार ओढायची तर भिंत फोडावी लागेल. दिवाळीनंतर गवंडी येतो म्हणालाय.