कल्हई, तवा आणि थंड फवारा

गेल्या दिवाळीत नशिराबादला घरी गेलो होतो. साफसफाईत माळ्यावरून आजीच्या वेळची पितळी पातेली, एक तांब्याचा हंडा, दोन पराती असं सगळं खाली आलं. आई म्हणाली, "मोडीत घालू का रे हे? कल्हई करायला आता कुणी येत नाही. आणि बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं."

मी इंजिनियर खरा, पण आयटीतला. धातूशी संबंध पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपपुरता. तरी एक प्रश्न डोक्यात बसला: एका वस्तूवर दुसरी वस्तू चिकटते तरी कशी? त्यात आख्खा वीकेंड गेला. असो.

आधी कल्हई. ताकातलं, चिंचेतलं आंबट तांब्या-पितळेवर चढतं आणि तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. यालाच आपण कळकणं म्हणतो. कथलाला या आंबटाचा फारसा त्रास होत नाही, म्हणून आतून कथलाचा पातळ थर. कथील आपल्याकडे फारसं निघत नाही, ते समुद्रापलीकडून यायचं. 'कल्हई' हा शब्दच अरबी 'कलई'वरून आलाय आणि तो मलायाकडच्या कलाह नावाच्या जुन्या बंदरावरून पडला असं मानतात. म्हणजे आमच्या माळ्यावरच्या पातेल्याचं नातं थेट मलायाच्या किनाऱ्याशी!

लहानपणी गल्लीत कल्हईवाला बसायचा ते आठवतं. जमिनीत खड्डा, कोळसे, भाता. भांडं तापलं की तो नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचा. आम्हाला वाटायचं, जादू कथलात आहे. खरी जादू नवसागरात! तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर असतो आणि त्यावर कथील धरत नाही. नवसागर तापून फुटतो, त्यातून निघणारं आम्ल तो थर खाऊन टाकतं. उघड्या पडलेल्या तांब्यावर २३२ अंशाला वितळणारं कथील पसरतं आणि सांध्यावर दोघांचं मिळून एक संयुग तयार होतं. चिकटवण्याआधी साफ करा, हा पहिला धडा.

दुसरा धडा नॉनस्टिक तव्याचा. ६ एप्रिल १९३८ला अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या रॉय प्लंकेटला एका गॅसच्या सिलिंडरमधून गॅसच येईना. कापून बघितला तर आत पांढरी पूड! तेच टेफ्लॉन. त्याला काहीच चिकटत नाही. मग ते स्वतः तव्याला चिकटणार कसं? १९५४च्या सुमारास मार्क ग्रेगॉर या फ्रेंच इंजिनियरने युक्ती काढली. अॅल्युमिनियमला आम्लाने बारीक खळगे पाडायचे, त्यात टेफ्लॉन भरायचं आणि भट्टीत भाजायचं. इथे संयुग वगैरे काही नाही, नुसती पकड. माझ्या पुण्यातल्या फ्लॅटवरच्या तव्याची पकड दीड वर्षात सुटली. त्याला पुन्हा 'कल्हई' करून देणारा कुणी नाही, तो सरळ कचऱ्यात.

आता उलटं कोडं: प्लॅस्टिकवर धातू कसा चढवायचा? जळगावला प्लॅस्टिक काही नवं नाही, पाइप म्हणा, ठिबकच्या नळ्या म्हणा, चटया म्हणा. पण त्यावर वितळलेला धातू ओतला तर प्लॅस्टिकच जाईल. इथे कोल्ड स्प्रे येतो. १९८०च्या दशकात सोव्हिएत रशियातल्या नोवोसिबिर्स्कला अनातोली पापिरिन आणि त्यांचे सहकारी स्वनातीत वाऱ्याच्या बोगद्यात धातूचे कण सोडून प्रयोग करत होते. ठराविक वेगाच्या खाली कण पृष्ठभाग खरवडतात, पण वेग त्यावर गेला की चक्क चिकटतात! सेकंदाला पाचशे ते हजार मीटर वेगाने आपटलेला कण न वितळताच चपटा होतो, ऑक्साइडचं कवच फुटून बाजूला उडतं आणि स्वच्छ धातूला स्वच्छ धातू भिडतो. म्हणजे नवसागराचं काम इथे वेग करतो. १९९४मध्ये याचं अमेरिकन पेटंट मिळालं. हैदराबादच्या एआरसीआयमध्येही यावर काम होतं.

पण प्लॅस्टिकवर तांबं असं मारलं तर ते प्लॅस्टिकच झिजवतं. विमानांना मात्र हे हवंय. २०११पासून प्रवासी नेणाऱ्या बोइंग ७८७चं निम्मं वजन कार्बन-धाग्याच्या प्लॅस्टिकचं आहे आणि वीज पडली तर ती वाहून न्यायला वर धातू लागतो. कॅनडात मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्लॅस्टिकवर वेगवेगळे धातू मारून बघितले. नीट कोण बसलं? कथील! ते थोडं वितळतं, बारीक भेगांत शिरतं आणि तिथेच गोठून घट्ट धरतं. वाचून खुर्चीतच हसलो. फिरून फिरून आपल्या कल्हईवाल्यापाशीच. :)

त्याची विद्या काही हरवलेली नाही, कथील आणि नवसागर अजूनही मिळतात. भांडी मोडीत गेली, घराघरात स्टील आलं, म्हणून त्याचं काम गेलं. आपणही उरलेली पातेली मोडीत घातली, तर कुठे कुणी कल्हईवाला उरला असेल त्याचं एक गिऱ्हाईक आपणच कमी केलं.

रविवारी रात्री आईला फोन केला. "पातेली विकू नकोस."

"बरं. मग कल्हई काय तू करणार?"

पुढच्या सुट्टीत आधी जळगाव, मग भुसावळ पालथं घालायचं ठरवलंय. तोवर पातेली माळ्यावर.