स्थानिक आणि प्रादेशिक बधिरीकरण : एका भेदाचा इतिहास

कर्करोगाच्या रुग्णास शिरेवाटे वारंवार औषधे द्यावी लागतात. त्यासाठी जत्रुकाखाली, म्हणजे गळ्याजवळील आडव्या हाडाखाली, त्वचेच्या आत एक लहानशी कुपी बसवून तिची नळी मोठ्या शिरेत सोडतात. रुग्णालयांत तिला 'केमोपोर्ट' असे म्हणतात. इ. स. १९८२ मध्ये जॉन नीडरहूबर व त्यांचे सहकारी यांनी ही योजना प्रसिद्ध केल्यानंतर ती सर्वत्र रूढ झाली. शस्त्रक्रिया लहान असते व रुग्ण बहुधा जागा असतो. साहजिकच असा प्रश्न उपस्थित होतो की, बधिर करणारे औषध जेथे शस्त्र चालावयाचे त्याच जागी टोचावे, की तेथील संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंभोवती? हा प्रश्न केमोपोर्टाहून पुष्कळ जुना आहे.

ह्या दोन पद्धतींचा उगम एकाच वर्षातील व एकाच द्रव्यातील आहे. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांचे संशोधन जाहीर झाले. प्रवासखर्च न परवडल्यामुळे कोलर स्वतः उपस्थित नव्हते. निबंध दुसऱ्याने वाचला. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्क येथे विल्यम हॉलस्टेड व रिचर्ड हॉल यांनी जबड्याच्या मज्जातंतूपाशी कोकेन टोचून दुखऱ्या जागेपासून दूर राहूनही ती बधिर करता येते, हे दाखविले. कोलर यांनी वेदनेच्या स्थानावर उपाय केला, तर हॉलस्टेड यांनी तिच्या मार्गावर.

परंतु कोकेन हे विषारी व व्यसन लावणारे द्रव्य. स्वतःवर प्रयोग करणारे हॉलस्टेड त्याच्या आहारी गेले. अतएव पुढील वीस वर्षांचा इतिहास हा मुख्यतः मात्रेचा इतिहास होय. पॅरिसमध्ये पॉल रेक्लू यांनी द्रावणाची तीव्रता उतरविली. कार्ल लुडविग श्लाइख यांनी १८९२ साली बर्लिनच्या शल्यवैद्यांच्या सभेत अत्यंत विरल द्रावण ऊतींत भरून जागा बधिर करण्याची रीत मांडली. मात्र ती उपलब्ध असता संपूर्ण भूल देणे समर्थनीय नाही, ह्या त्यांच्या विधानाने सभा प्रक्षुब्ध झाली. उलट पक्षी, मज्जातंतूचा मार्ग अडविणाऱ्यांना थोड्या औषधात मोठा प्रदेश बधिर करता येई. पण त्यासाठी शरीररचनेचे सूक्ष्म ज्ञान हवे होते. हार्वी कुशिंग यांनी १९०२ साली अवयवच्छेदापूर्वी मोठे मज्जातंतू बधिर करण्याचा पुरस्कार केला. 'प्रादेशिक' ही संज्ञाही त्यांच्याच नावावर मोडते.

येथे संज्ञेचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. 'स्थानिक' आणि 'प्रादेशिक' हे शब्द ऐकून लहान क्षेत्र व मोठे क्षेत्र एवढाच भेद मनात येतो. वस्तुतः 'स्थानिक' हा शब्द सुई कोठे टोचली हे सांगतो, तर 'प्रादेशिक' हा शब्द परिणाम कोठे झाला हे सांगतो. मराठीतील 'भूल देणे' आणि 'जागा बधिर करणे' हा भेद मात्र अधिक नेमका आहे : पहिल्यात भान जाते, दुसऱ्यात भान राहून केवळ संवेदना जाते. 'बधिर' म्हणजे मुळात ऐकू न येणारा. येथे मात्र जागा बधिर होते आणि रुग्णाचे कान उघडे राहतात.

आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी तयार केलेले नोवोकेन हाइन्रिख ब्राउन यांनी १९०५ साली व्यवहारात आणले. तत्पूर्वीच औषधात अॅड्रेनॅलिन मिसळून त्याचा परिणाम लांबविण्याची युक्ती त्यांनी सांगितली होती. १९४३ साली निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन सिद्ध केले. औषधे निर्धोक होत गेली, तसतशी जागेवरच टोचण्याची रीत सर्वांना सुलभ झाली. मज्जातंतूची वाट मात्र अवघडच राहिली. १९११ साली कुलेनकाम्प्फ यांनी जत्रुकावरून हाताच्या मज्जातंतुजालापर्यंत सुई नेण्याची रीत प्रथम स्वतःवर अजमावली. परंतु तेथे फुफ्फुस निकट असल्याने त्याच्या आवरणास इजा होण्याचे भय असे. सुई अंदाजानेच चालवावी लागे. कोलर यांच्याच व्हिएन्नात १९९४ साली काप्राल व सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने सुई व मज्जातंतू प्रत्यक्ष पाहत हीच क्रिया करून दाखविली, तेव्हा हा अंदाज दृष्टीच्या कक्षेत आला. पुढे २०११ साली राफाएल ब्लांको यांनी छातीच्या स्नायूंमधील थरात औषध सोडण्याची रीत वर्णिली.

केमोपोर्टाच्या बाबतीत ह्या दोन्ही परंपरा पुन्हा समोरासमोर येतात. जत्रुकालगतच्या त्वचेची संवेदना मानेतील मज्जातंतुजालाच्या शाखा नेतात, त्याखालच्या त्वचेची बरगड्यांमधील मज्जातंतू, तर छातीच्या स्नायूंकडे निराळ्या शाखा जातात. म्हणून केवळ स्नायूंच्या थरात औषध सोडल्याने वरची त्वचा बधिर होईलच असे नाही. पुष्कळदा जागेवरही थोडे टोचावे लागते. नुसते जागेवर टोचणे सोपे व स्वस्त खरे. पण त्यात सुया अनेक, औषध शिरताना होणारी आग आणि कुपीसाठी कप्पा करताना जाणवणारी ओढ सोसावी लागते. मज्जातंतूचा मार्ग अडविल्यास हे क्लेश उणावू शकतात. परंतु त्यास यंत्र, वेळ व तज्ज्ञ हात लागतात, आणि औषध रक्तवाहिनीत जाण्याचा धोकाही सांभाळावा लागतो.

तात्पर्य, ह्यांतील एक पद्धत जुनी व दुसरी नवी, असे मानणे इतिहासास धरून नाही. दोन्ही समवयस्क आहेत. बदलला आहे तो निवडीचा निकष. हॉलस्टेडच्या काळी औषधाचे विष मोजावे लागे. आज जागेपणी रुग्णास काय सोसावे लागते हेही मोजणे प्राप्त आहे. केमोपोर्ट ही दीर्घ उपचारांची पहिली पायरी होय. त्या दिवशीच्या सुईची आठवण मनात ठेवूनच रुग्णास त्या दारी पुन्हा पुन्हा यावयाचे असते.