गावदप्तर : प्रती व त्यांचा मेळ

एकाच जमिनीची नोंद अनेक ठिकाणी ठेवावी लागते, तेव्हा त्या प्रती परस्परांशी जुळत्या ठेवण्याचा प्रश्न उद्‍भवतो. कागदी दप्तराइतकाच तो संगणकावरील सामायिक विदासंचयालाही लागू आहे. महाराष्ट्रातील जमीन-अभिलेखांच्या इतिहासात या प्रश्नाची दोन्ही रूपे आढळतात.

पेशवाईत गावचा हिशेब कुळकर्णी, तर परगण्याचा देशपांडे ठेवीत असे. हे दोन्ही हिशेब ताडून पाहता येत असल्याने एकाच्या लेखणीवर सर्वस्वी विसंबावे लागत नसे. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या भुईकोटामुळे प्रसिद्ध असलेले मावळातील इंदुरी हे गाव याच व्यवस्थेतील होय. इंग्रजी अंमलात १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू झाली आणि १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा पाया घातला गेला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने ही पद्धती एकत्रित केली.

या पद्धतीत गाव नमुना ६ म्हणजे फेरफारांची नोंदवही. खरेदी, वारसा, वाटणी इत्यादी बदल तिच्यात अनुक्रमांकाने लिहिले जातात. संबंधितांना नोटीस देऊन व हरकत ऐकून नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यात दुरुस्ती होते. सातबाऱ्यावरील नावाशेजारी फेरफार क्रमांक असल्यामुळे चुकीचा माग मागे मागे काढता येतो. सातबारा ही जमिनीची तत्कालीन स्थिती, तर फेरफार-वही हा त्या स्थितीपर्यंतचा क्रम होय.

कार्यालयीन संगणकांवरही असाच प्रयोग झाला. मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्सेस’ या विदासंचय-प्रणालीत १९९५ च्या आवृत्तीपासून एका संचयाच्या अनेक प्रती करून त्यांचा कालांतराने मेळ घालण्याची सोय होती. रचनेतील बदल केवळ मुख्य प्रतीतच करता येत. दोन ठिकाणी एकच नोंद बदलली गेल्यास संघर्ष उत्पन्न होई आणि कोणता बदल ग्राह्य धरावा, याचा निर्णय अखेर माणसालाच करावा लागे. क्रमवार अंक दोन प्रतींत एकच पडू नयेत म्हणून ते यादृच्छिक द्यावे लागत. नोंदीचे तक्ते सामायिक ठिकाणी ठेवून नोंदणीची पटले प्रत्येक संगणकावर स्वतंत्र ठेवणे इष्ट मानले जाई. बिघाड झाल्यास प्रथम तक्त्यांशी असलेली जोडणी, सामायिक कप्प्यातील लेखनाधिकार व सर्वत्र एकच आवृत्ती आहे की नाही, हे तपासावे लागे. २००७ च्या नव्या धारिका-स्वरूपात प्रतींचा मेळ घालण्याची ही सोय वगळण्यात आली आणि २०१३ च्या आवृत्तीत ती पूर्णपणे संपली.

जमीन-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली; त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे राज्यात सातबारे तालुका पातळीवरील संगणकांत उतरविले गेले. परंतु हस्तलिखित दप्तरही चालूच राहिल्याने दोन प्रती निर्माण झाल्या. क्षेत्र, नावे व इतर हक्क यांत तफावत आढळू लागली. ती दूर करण्यासाठी संगणकीय नोंदी हस्तलिखिताशी पुन्हा ताडण्यात आल्या व चावडीवाचनाने खातेदारांसमोर ठेवण्यात आल्या. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यास संहितेच्या कलम १५५ चा आधार होता. १ मे २०१८ रोजी अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला.

या तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नामागे खातेदाराचे हित गुंतलेले आहे. कलम १५७ अन्वये प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. तळेगाव-चाकण मार्गावरील इंदुरीसारख्या, औद्योगिक पट्ट्यालगतच्या गावात एका वारसाचे नाव उतरवून घेताना गळले, तर कर्ज, विक्री व नुकसानभरपाई या तिन्हींत त्याची अडवणूक होऊ शकते. जलद यंत्र अशी चूक तितक्याच जलद सर्वत्र पोहोचविते. यास्तव नोंदीइतकाच तिच्या बदलांचा क्रम जपणे, मूळ प्रत कोणती हे आधी ठरविणे आणि ज्याचा हक्क आहे त्याला नोंद वाचून दाखविणे, ही जुनी शिस्त संगणकाच्या काळातही अपरिहार्य ठरली आहे.