टपाच्या मोटारीचें दप्तर

जुन्या कागदाला हात लावतांना जो संकोच आपण बाळगतों, तो जुन्या लोखंडाला हात लावतांना बाळगीत नाहीं. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तर वाचलें, राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. तेव्हांपासून मूळ कागद आणि संपादकाची भर यांची गल्लत करूं नये, हा दंडक महाराष्ट्राच्या अंगवळणीं पडला आहे. यंत्राच्या बाबतींत मात्र आपल्याला एकच उपाय सुचतो : घासावें, रंगवावें आणि नवें करावें. सातारच्या एका वाड्याच्या पागेंत पडलेली १९३० सालची टपाची फोर्ड मोटार घरच्या घरीं चालती करण्यांत चार वर्षें घालविल्यावर हा भेद मला खटकूं लागला. त्या खटाटोपाची दिनचर्या सांगणें हा या लेखाचा हेतु नव्हे. त्या मोटारींत जें दप्तर सांपडलें, त्याचा परिचय करून द्यावा, एवढाच आहे.

प्रथम मोटारीची जात सांगितली पाहिजे. 'टी' जातीच्या दीड कोटीहून अधिक मोटारी केल्यावर फोर्डनें १९२७ च्या अखेरीस 'ए' ही नवी जात काढली. चार सिलिंडरांचें सुमारें ३.३ लिटरचें एंजिन, ४० अश्वशक्ति. पेट्रोलची टाकी चालकाच्या पुढें, कांचेच्या खालीं, इतकी उंच बसविलेली कीं पेट्रोल आपल्या वजनानेंच कार्ब्युरेटरांत उतरावें. पंपाची गरजच नाहीं. ब्रेक चारी चाकांना, पण तेलाच्या दाबाचे नव्हत, सळयांनीं ओढले जाणारे. सारी रचना अशी उघडी कीं एखाद्या चतुर लोहारानें तासभर न्याहाळली तर तिचें मर्म त्याच्या ध्यानांत यावें. पुढें जें सांगावयाचें आहे, त्याचें मूळ या उघडेपणांत आहे.

अशा गाडीला डोक्यावर पत्रा नसे. लांकडी कमानींवर ताणलेला, रबराचा हात दिलेल्या कापडाचा टप आणि पावसांत दोन्ही बाजूंस अडकवावयाचे पडदे, हेंच तिचें छप्पर. अमेरिकेंत १९१९ च्या सुमारास दहांतील नऊ मोटारी अशा उघड्या असत. पुढील दहा वर्षांत पोलादी बंद गाडी स्वस्त झाली आणि हें प्रमाण जवळजवळ उलटें झालें. म्हणजे आमची मोटार जन्मली, तेव्हांच तिची जात मावळतीला लागली होती. त्यांतून ती आली साताऱ्यास ! या एका जिल्ह्यांत महाबळेश्वरीं वर्षास ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस माण तालुक्यांत तो ५०० च्या आंतबाहेर. एका दिवसाच्या प्रवासांत टप एकदां चढवावा आणि एकदां पाडावा, असा हा मुलूख. येथें टप ही शोभेची वस्तु नव्हती. गाडीच्या सर्व अंगांत अधिकांत अधिक राबलेलें आणि म्हणूनच अधिकांत अधिक वेळां दुरुस्त झालेलें तें अंग होय.

अशा गाड्या पागेंत कां गेल्या, याचें उत्तर 'मालकाचें दुर्लक्ष' एवढेंच दिलें, तर तें अन्यायाचें होईल. १९४१ सालीं युद्धामुळें पेट्रोलचें नियंत्रण आलें आणि कित्येक गाड्यांना कोळशाच्या गॅसचीं धुडें जोडावीं लागलीं. मार्च १९४८ मध्यें औंध, फलटण, सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं आणि मोटार बाळगणाऱ्या एका वर्गाचें उत्पन्नच बदललें. त्याच वर्षीं १ जूनला पुणें ते अहमदनगर अशी सरकारी एस्. टी. धांवूं लागली. पुढें १९५३ सालीं, ज्या कंपन्या या देशांत मोटारी खरोखर तयार करणार नाहींत त्यांस नुसती जोडणी करतां येऊं नये, असें धोरण सरकारनें ठरविलें आणि फोर्ड व जनरल मोटर्स या दोघींनीं येथील काम आवरलें. धोरण देशी कारखानदारीच्या हिताचें होतें, यांत शंका नाहीं. परंतु त्या दिवसापासून फोर्डच्या सुट्या भागांचा सरळ मार्ग बंद झाला. तरीहि गाड्या लगोलग बंद पडल्या नाहींत. त्या पुढें कोणाच्या बळावर चालल्या, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर छापील कागदांत फारसें मिळत नाहीं.

तें मला मोटारींत मिळालें. कामास हात घातला तेव्हां एंजिनचे दट्टे गंजून घट्ट बसले होते. प्लगांच्या भोंकांतून रॉकेल आणि तेल यांचें मिश्रण सोडीत पांच आठवडे वाट पाहिली, तेव्हां ते हलले. टाकींतील गंज काढण्यासाठीं तींत बारीक खडी घालून ती टाकी दोघांनीं दिवसभर हेलकावली. माझ्या सोबतीला एस्. टी. च्या आगारांतून निवृत्त झालेले एक मिस्त्री होते. खरें ज्ञान त्यांचें. माझ्याकडे वही ठेवण्याचें काम होतें. प्रत्येक भाग काढला कीं त्याची जागा, माप आणि स्थिति मी टिपून घेई. तिसऱ्या महिन्यांत ती वही चाळतांना दिसूं लागलें कीं या फोर्डमध्यें फोर्डची नसलेली अशी पुष्कळ वस्तु आहे.

टपाच्या कमानींपैकीं दोन फिकट परदेशी लांकडाच्या, वाफेवर वांकविलेल्या होत्या. तिसरी बाभळीची निघाली. बाभूळ तशी वांकविणें कठीण, म्हणून सुतारानें तिचे तीन तुकडे करून, बैलगाडीच्या चाकाचा घेर जसा साधतात, तसे खांचा पाडून ते सांधले होते. बाजूच्या पडद्यांची शिवण मेणाच्या दोऱ्याची, दोन सुयांनीं समोरासमोरून घातलेली : ती शिंप्याची नव्हे, खोगिरें शिवणाऱ्या जिनगराची. रेडिएटरला तांब्याचा डाग होता, आणि तो हंड्याला देतात तसा सुबक, कडा ठोकून बसविलेला. मागच्या पाट्यांपैकीं एकावर कारखान्याचा गुळगुळीतपणा नव्हता. हातोड्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. सुतार, जिनगर, तांबट, लोहार ! सुतार-लोहार हे गांवचे बलुतेदार, जिनगर-तांबट हे पेठेंतले. पण चौघांनींहि परदेशी यंत्राला आपापल्या परंपरागत कसबानेंच उत्तर दिलें होतें. यांपैकीं एकाचेंहि नांव कोठें लिहिलेलें नाहीं. त्यांची सही म्हणजे तो सांधा, ती शिवण, तो डाग.

या प्रकाराकडे केवळ गरजेची ठिगळबाजी म्हणून पाहूं नये. परक्या यंत्राची दुरुस्ती ही या प्रदेशांत कारखानदारीची पहिली शाळा होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवीं आरंभ केला, तो सायकलींच्या दुकानानें. पुढें कडबा तोडण्याचें यंत्र आलें, लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्यें औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती वाडी आज ज्या जिल्ह्यांत आहे, त्याला १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणत आणि त्यानंतर सांगली म्हणूं लागले. मोठें उदाहरण सर्वांस ठाऊक असतें. पण एका लक्ष्मणरावांच्या मागें यंत्र उघडून पाहण्याचें धैर्य असलेले किती हात असतात, हें या बाभळीच्या कमानीवरून समजतें.

आतां अडचण उभी राहिली. गाडी मूळ स्वरूपांत आणावयाची म्हणजे काय करावयाचें ? 'ए' जातीचे नक्कल केलेले सुटे भाग अमेरिकेंत आजहि मिळतात. पैसे टाकले तर सारा टप, कमानींसकट, पेटींतून घरीं येतो. जुलै २०२१ मध्यें केंद्रीय मोटार-वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस 'व्हीए' अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळूं लागला. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षें. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास लावतां येत नाहीं, आणि सांगाडा, बाह्य अंग व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अट योग्यच आहे. परंतु सांगाड्याचें मूळपण जपणारा नियम बाभळीच्या कमानीस ओळखीत नाहीं. कारखान्याच्या दृष्टीनें ती दोष, इतिहासाच्या दृष्टीनें ती साधन.

मिस्त्रींचें मत निराळेंच होतें. ते म्हणाले, "गुरुजी, टप पावसासाठी असतोय. पाणी आत आलं तर तुमचा इतिहासच भिजंल."

मी म्हणालों, "कापड नवें घालूं, मिस्त्री, पण सुताराची कमान काढायची नाहीं."

"मग कापडाखाली ती दिसणार कुणाला ?"

"पुढें जो कापड काढील त्याला."

ते हंसले, पण त्यांनीं कमानीला तेल पाजलें आणि जागेवर बसविली. पाट्याच्या बाबतींत मात्र हार मला खावी लागली. लोहाराच्या पाट्याला केसाएवढी चीर होती. मी तो ठेवावा म्हणत होतों. मिस्त्रींनीं तो माझ्या हातांत दिला आणि, घाटांत हा तुटला तर गाडींत बसलेल्यांचें काय, एवढेंच विचारलें. मला उत्तर नव्हतें. नवा पाटा घातला. जुना त्याच पागेच्या भिंतीला, कोठला आणि केव्हां काढला हें लिहून, टांगला आहे.

त्या वादांतून एक नियम आम्हांस सांपडला. ज्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तेथें जुन्याचा मोह धरूं नये : ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, टायर हे नवे असावे. जें काम अजून करतें, तें कोणीहि केलेलें असो, काढूं नये : तांबटाचा डाग पाणी धरतो, म्हणून तो राहिला. जें काढावें लागेल तें टाकूं नये. आणि आपण घातलेल्या प्रत्येक भागावर साल कोरावें, म्हणजे पुढच्या वाचकाची फसगत होणार नाहीं. खऱ्यांची किंवा राजवाड्यांची शिस्त याहून फार निराळी नव्हती.

गाडी आतां चालते. चांचणीसाठीं यवतेश्वरच्या घाटांत नेली तेव्हां पाऊस आला. नवें कापड एका कोपऱ्यांत गळलें आणि मिस्त्रींनीं तेथल्या तेथें माझ्याकडे असें पाहिलें कीं बोलण्याची गरज उरली नाहीं. पण माझें सांगणें गाडी चालण्यापुरतें नाहीं. वाई, कऱ्हाड, मिरज, तासगांव येथील वाड्यांतून अजूनहि अशीं यंत्रें पडलेलीं असतील : मोटारी, पाण्याचीं एंजिनें, शिवणाचीं यंत्रें. ज्यांच्या घरीं तीं असतील, त्यांनीं घासकागद हातीं घेण्यापूर्वीं एक वही हातीं घ्यावी. गंज मागाहूनहि काढतां येतो. पुसलेली सही परत मिळत नाहीं.